सतराचे सहा

वीसपैकी सतरा मार्क पडले आणि माझं डोकं फिरलं.

कमी पडले म्हणून नाही, जास्त पडले म्हणून. शेजारी बसणाऱ्या पोरीचा पेपर माझ्या पेपराला लागूनच बाकावर पडला होता. तिला नऊ. आम्ही दोघींनी कॉलेजच्या लिंबाखाली बसून एकाच वहीवर तयारी केली होती, आणि तिसऱ्या प्रश्नात दोघींनी सारखीच माती खाल्ली होती. दोन पदांच्या गुणाकाराचं विकलन करायचं होतं. आम्ही दोन्हींचं वेगवेगळं विकलन केलं आणि सरळ गुणून टाकलं. तसं चालत नसतं. तिच्या पेपरात त्या ओळीवर लाल फुली, पाचपैकी एक. माझ्या पेपरात त्याच ओळीवर बरोबरची खूण, पाचपैकी पाच.

"काकू, तुमचं कसं काय बरोबर आलं?" तिनं विचारलं. भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला. मग तिनं दोन्ही ओळी बोटानं जुळवून पाहिल्या, आणि तिला कळलं. "सर तुमच्या गावचे हायेत ना," एवढंच म्हणाली आणि पेपर घडी करून दप्तरात टाकला. तिच्या वडलांचा स्टँडजवळ फळांचा गाडा. दप्तरातनं तिनं सीताफळ काढलं, फोडलं, अर्धं मला दिलं. मला ते गिळवेना.

सगळा वर्ग मला काकूच म्हणायचा. म्हणणारच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सगळी बारावी होऊन आलेली लेकरं, आणि त्यांच्यात मी, जिचा स्वतःचा पोरगा दहावीला. बारावी सायन्स झाले त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. चौसाळ्याला हायवेवर नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागं घर, घरात सासूबाई. ओट्यावर मी सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेते. आपल्याला गणित लई येतं असा माझा समज होता, आणि गावातल्या बऱ्याच आयांचाही. पण नवीन कुणी आलं की विचारायचंच, "मॅडम, तुमचं शिक्षण किती?" बारावी म्हणलं की त्यांचं तोंड जे व्हायचं ते मला बघवत नव्हतं. एके दिवशी तडक तहसीलला गेले, शिक्षणातल्या खंडाचं अ‍ॅफिडेव्हिट केलं आणि बीडच्या कॉलेजात नाव घातलं.

सासूबाईंनी अट घातली. "पहिल्या खेपेपुरतं बघू. गणितात पास झालीस तर पुढं शिक. न्हाई झालीस तर गुमान घरी. मला आता दोन्ही टायमाचा सैपाक व्हत न्हाई." खेप म्हणजे त्यांच्या बोलीत सेमिस्टर. अट रास्त होती. मी लगेच हो म्हणाले. गणितात नापास होणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं.

आणि गणित शिकवायला कोण? माझ्या माहेरचा पोरगा! नारायणगडाच्या पायथ्याला आमचं गाव, आमच्या दारासमोर त्याचं दार. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. आता कॉलेजात तासिकेवर शिकवतो. मी नववीत असताना त्याची आई त्याला धरून आणून आमच्या ओट्यावर बसवायची, "ह्याला जरा हिशेब शिकव गं." मला सख्खा भाऊ नाही, म्हणून राखी त्यालाच आणि भाऊबीजही त्याचीच. पण शिकवताना मी लई खडूस होते. भागाकार बरोबर आला तरी ताळा केल्याशिवाय मी बरोबर म्हणत नसे. आलेला भागाकार भाजकाशी गुणायचा, बाकी मिळवायची, आणि मूळ आकडा येतो का बघायचं. "आक्का, बरोबरच आलंय की!" म्हणून तो मुसमुसायचा. "मग ताळा कुठाय?" ताळा नसला की पाटीवर मोठा भोपळा.

तर हा पहिल्या दिवशी वर्गात आला, तिसऱ्या बाकावर मला बघितलं आणि त्याच्या हातातला खडूच पडला. मग सावरून त्यानं नियम सांगितले. चाचण्या दोन, वीस-वीस मार्कांच्या. दोन्ही मिळून चाळीसपैकी सोळा पाहिजेत, नाहीतर अंतर्गतमध्ये नापास. नुसत्या उत्तराला एक मार्क, बाकीचे पायऱ्यांना. आणि कुठलाही नियम वापरायच्या आधी तो इथं लागू होतो का, ते तपासून लिहायचं. "नाही लिहिलं तर मार्क कापणार. उत्तर बरोबर असलं तरी. आणि इथं कुणाचा वशिला चालणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं खिडकीकडं बघत म्हणलं.

हजेरीला सगळ्यांना रोल नंबर. माझा एक्केचाळीस. चाळीस झाले की तो थांबायचा, हळूच वर बघून "आक्का आल्यात" म्हणायचा आणि बेचाळीस पुकारायचा. पोरं फिदीफिदी हसायची. मी तरी कुठं कमी होते? "अरे, ती ओळ परत सांग बरं," असं भर वर्गात म्हणायचे. सर हा शब्द तोंडातनं निघतच नव्हता. ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या ओढणीनं पुसलंय त्याला सर म्हणायचं? जीभ वळायची नाही.

सतरा मार्कांचा पेपर घेऊन मी त्या दिवशी सरळ स्टाफरूममध्ये गेले. तो एकटा नव्हता, आणखी दोघं-तिघं चहा पीत बसले होते. मी तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे बरोबर हाय?"

त्यानं बघितलं. कान लाल झाले. "तपासताना नजरचूक झाली असंल, आक्का."

"एका जागी झाली तर नजरचूक. इथं पानोपानी झालीय."

"जाऊ द्या की ओ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरदार सांभाळून एवढ्या लांबून येता तुमी. चहा सांगू का?"

चहा म्हणे! एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. परक्यांसमोर तमाशा नको म्हणून पेपर उचलून बाहेर पडले.

एसटीत खिडकीला बसले आणि तिसरा प्रश्न स्वतःशीच पुटपुटत राहिले. समोरच्या बाईनं दोनदा वळून बघितलं. मला वाटत होतं, त्या पोरीच्या हक्काचं काहीतरी आपल्या ताटात आलंय. आणि दुसरं त्याहून वाईट होतं. मला काय येतं आणि काय येत नाही, हेच त्या सतरामुळं कळेना. आज सगळीकडं बरोबरची खूण आहे म्हणल्यावर शिकायचं तरी काय? विद्यापीठाचा पेपर तर कुणीतरी अनोळखी माणूस तपासणार. त्याच्या दारासमोर काही माझं माहेर नाही.

घरी आले तर नवरा दुकानातनंच ओरडला, "किती?" मी सांगितलं. खोटं तर बोलले नव्हते, पेपरावर तेवढेच होते. संध्याकाळपर्यंत हायवेवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "काय बे, आमच्या मॅडमला सतरा पडले की वीसपैकी!" सासूबाईंनी गिरणीवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन आया आपली पोरं घेऊन शिकवणीला आल्या. मी पोरांना अपूर्णांक शिकवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, तुझ्याच मार्कांत खोट आहे, तू काय डोंबल शिकवतेस.

दिवाळी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. करंज्या फुटत होत्या, चिवडा खारट झाला. सासूबाई म्हणाल्या, "सतरा पडले तर हिची ही तऱ्हा. कमी पडले असते तर काय घर पेटवलं असतंस व्हय?"

भाऊबीजेला माहेरी गेले. पिशवीत साडीच्या घडीत तो पेपर ठेवला होता.

तो आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला. त्याची आई, माझी आई, दोघी दारात. मी तबक हातात घेतलं, निरांजन पेटवलं आणि तिथंच थांबले.

"ओवाळ की गं," आई म्हणाली.

"आधी ओवाळणीचं ठरू दे."

"मागा की आक्का," तो हसला. "साडी आणलीय. आणखी काय पायजे?"

"साडी नको. माझा पेपर खरा तपास. सगळ्यांचा तपासतोस तसा."

त्याचं हसू गेलं. दोघी आया एकमेकींकडं बघायला लागल्या. काहीच न कळल्यासारखी त्याची आई म्हणाली, "कावून? पास झालीय न्हवं ती?"

"झालीय," मी म्हणाले. "ह्याच्या मेहरबानीनं."

"अगं ज्योत इझंल, आधी ओवाळ!" आई करवादली.

"इझू दे."

तो पाटावर मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "आक्का, तुमच्या पेपरावर फुली मारायला माझा हातच उचलत न्हवता. तीनदा पेन हातात घेतला. अन् आईनं आधीच दम दिलता, माझ्या लेकीला नापास केलंस तर घरी यायचं न्हाई."

"व्हय, दिलता!" त्याची आई दारातनंच म्हणाली. "अन् आता बी देते."

"तू मला नापास करत नाहीस, अडाणी ठेवतोयस," मी म्हणाले. "त्या पोरीच्या पेपरावर फुली मारायला बरा उचलला हात! ती शिकली. तिला कळलं कुठं चुकलं. माझं काय? मी एवढं घर सोडून येते ती तुझ्या हातची दया घ्यायला?"

त्यानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "बरं. पण माझं बी एक ऐका. वर्गात मला 'अरे' म्हणू नका. तुमी अरे म्हणलं की पोरं हसतात, अन् मग माझ्यातला मास्तर पळूनच जातो. मी तिथं आठ वर्षांचा होतो."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी घरातल्यासारखं वागणार आणि त्यानं मात्र परक्यासारखे मार्क द्यायचे, असं मी धरून चालले होते. मी म्हणाले, "बरं." आणि ओवाळलं.

जेवणं झाल्यावर तो आमच्याच ओट्यावर बसला, त्याच जागी. मी पेपर काढून दिला, लाल पेनही मीच दिला. पहिली फुली मारताना त्यानं माझ्याकडं बघितलं. दुसरीला बघितलं नाही. पुढं पुढं हात सरळ चालायला लागला. त्याची आई पदर खोचून समोर उभी. "सणाच्या दिवशी भयनीचे मार्क कापतो व्हय रे! असला भाऊ कुनाला मिळू नये!" तो कापत राहिला.

सहा.

मी तो आकडा बघत बसले. सतरा बघून जसं डोकं फिरलं होतं तसं आता फिरलं नाही. मग हिशेब केला. सोळा पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या चाचणीत दहा. आणि घरी सगळ्या हायवेला सतरा माहीत.

दिवाळीनंतर त्या पोरीला मी पेपर दाखवला. ती बघतच राहिली. "काकू, असं कुनी करतंय का? आपल्या हातानं?" मग खो खो हसली, आणि हसता हसता माझ्या बाजूला सरकून बसली. त्या दिवसापासून तीच माझी मास्तरीण. एसटी लवकर पोचायची तेव्हा लिंबाखाली, नाहीतर तिच्या वडलांच्या गाड्यामागं खोक्यावर बसून. ती मला गणित घालायची आणि मी ओळ लिहिली की "कशावरून?" म्हणून विचारायची. मला तिचा राग यायचा. एवढीशी पोर आणि हिचं कशावरून! पण फुल्या जिथं जिथं होत्या तिथं तिथं मला आता रस्ता दिसायला लागला होता. गुणाकाराच्या विकलनाचा नियम मी भाकरी थापताना तोंडानं म्हणायचे. सासूबाई विचारायच्या, "कसला मंतर म्हनतीस?"

वर्गात मी त्याला अरे म्हणणं सोडलं. सर मात्र म्हणता येईना. नुसताच हात वर करायचे आणि शंका विचारायचे, हाक मारायचीच नाही. त्यानंही हजेरीला "आक्का आल्यात" म्हणणं सोडलं होतं, पण नंबरही पुकारत नव्हता. चाळीसनंतर नुसतं माझ्याकडं बघून खूण करायचा. दोघंही अर्ध्यात अडकलो होतो.

दुसरी चाचणी झाली. मला वाटलं, बरी गेली. पण वाटण्यावरचा माझा भरवसा उडाला होता. पेपर मिळेपर्यंतचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. दुकानात नवऱ्याला चहा द्यायला जायचे आणि कप तसाच घेऊन परत यायचे.

पेपर वाटायच्या दिवशी तो वर्गात आला तो कुणाकडं न बघता. एकेक नाव घेऊन पेपर दिले. माझ्या बाजूच्या पोरीला सोळा. तिनं आनंदानं माझ्या मांडीवर थाप मारली. माझा पेपर त्यानं स्वतः बाकापर्यंत आणून उलटा ठेवला आणि परत फळ्याकडं गेला.

मी सुलटा केला. नऊ.

सहा आणि नऊ, पंधरा. सोळा पाहिजेत.

शेजारच्या पोरीनं बघितलं, तिच्या तोंडातनं "अय्यो" निघालं, आणि मागच्या बाकापर्यंत बातमी गेली. वर्गाला आतापर्यंत सगळं ठाऊक झालेलं होतं. "सर, एक मार्क!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. "द्या की सर काकूला! एकाच मार्कानं काय होतंय?" तो टेबलाला टेकून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता. मला ठाऊक होतं, मी आत्ता नुसतं "अरे" म्हणलं तर तो देईल. त्या पोरांनाही राग येणार नव्हता. उलट टाळ्या वाजल्या असत्या.

मी पेपर चाळला. चौथ्या प्रश्नात सीमा काढायची होती. अंश आणि छेद दोन्ही शून्याकडं जातात तेव्हा दोन्हींचं वेगवेगळं विकलन करून बघायचं, असा एक नियम आहे. मी तो लावला होता. उत्तर बरोबर आलं होतं. सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. तरी एक मार्क कापलेला. नियम लावायच्या आधी दोन्ही खरंच शून्याकडं जातात का, ते मी तपासून लिहिलं नव्हतं. सरळ उडी मारली होती. त्या ओळीच्या बाजूला समासात त्यानं लाल पेनानं एकच शब्द लिहिला होता.

ताळा?

कॅल्क्युलसच्या पेपरात हा शब्द कुणी लिहीत नाही. शेजारची पोर वाकून वाचायला लागली आणि म्हणाली, "हे काय लिवलंय सरांनी?" मी त्या शब्दावरनं बोट फिरवलं. ओटा, पाटी, मुसमुसणारं ते पोरगं, आणि मी, बरोबर आलेल्या भागाकारावर भोपळा काढणारी. एवढी वर्षं त्यानं ते जपलं होतं, सगळ्या वर्गाला तोच नियम लावत होता, आणि मला कधी कळलंही नव्हतं की हा माझाच.

मी उभी राहिले.

"बरोबर कापलाय," मी म्हणाले. "मी तपासलं नव्हतं."

तो फळ्याकडं वळला आणि बराच वेळ नुसताच फळा पुसत राहिला. पुसलेलाच फळा.

घरी जाताना चौसाळा लवकर येऊ नये असं पहिल्यांदा वाटलं. सासूबाई दारात लसूण निवडत बसल्या होत्या. मी चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं. सतरा कसे आले, त्याचे सहा कसे झाले, आज नऊ पडले, एका मार्कानं गेले. नवरा दुकानातनं येऊन मागं उभा राहिला होता. त्याला सतरा सांगितलेली सगळी गिऱ्हाइकं आठवत असावीत.

"म्हंजे नापास," सासूबाई म्हणाल्या.

"हो. ती चाचणी पुढच्या खेपेला परत देता येते. पण आपलं ठरलं होतं ते ठरलं होतं."

"एकच मार्क कमी?"

"एकच."

"अन् समोर बसल्याला तुझाच भाऊ. मागितला असतास तर दिला असता न्हवं त्यानं?"

"दिला असता."

"मग कावून न्हाई मागितला?"

"माझा नव्हता तो," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. लहान पोरीसारखं, दारात उभ्यानं. नवरा म्हणाला, "बरं बरं, आत तर ये." सासूबाईंनी लसणाची टोपली बाजूला सारली. त्यांना माझं रडणं कधी आवडलेलं नाही.

"तुझा न्हवता तर न्हवता," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला आपला घिऊन ये. अन् उद्याच्याला कालवण तू करून जा, माझा हात दुखतोय."

सकाळी कालवण करून निघाले. एसटी उशिरा आली, कॉलेजच्या फाटकातनं पळत गेले. वर्गाच्या दारात पोचले तर हजेरी सुरू झालेली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. तो थांबला. मी दारातच होते, दम लागलेला, त्यानं मला बघितलं. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"रोल नंबर एक्केचाळीस," तो म्हणाला.

"हजर, सर."